झिरो माईलपासून तलावांच्या काठाकाठानं

पहिला दिवस: झिरो माईल ते खिंडसी, ५६ किलोमीटर

पहाटे साडेपाच ही नागपूरच्या डिसेंबरात निघायची वेळ नव्हे, पण काकांनी तीच ठरवली होती. झिरो माईलच्या खांबाशी पोचले तेव्हा ते आधीच उभे होते. कानटोपीवर हेल्मेट, मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या. खांबाजवळचा सर्वेक्षण खात्याचा उंची-दगड १९०७ सालचा आहे. समुद्रसपाटीपासून आपण हजार फुटांहून थोडे अधिक उंच आहोत, हे सांगण्यासाठी तो इथं बसवला. समुद्र मात्र कुठल्याही दिशेनं शेकडो किलोमीटर दूर.

आम्ही तिघं. शेजारचे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेले, माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि मी. गेल्या हिवाळ्यात आम्ही सायकली रेल्वेत टाकून कोकणात गेलो होतो. अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून दिघीची फेरीबोट, पुढं श्रीवर्धन, हरिहरेश्वर. त्या रस्त्याचा एक ठेका आहे. डोंगराचं नाक चढायचं, वरून निळं पाणी पाहायचं, मग उतरत थेट खाडीच्या गावात. गाव संपलं की पुन्हा नाक. तिसऱ्या दिवशी अशाच एका चढावर काका थांबून म्हणाले होते, "असा रस्ता आपल्याकडं बी हाये. फक्त पाणी गोडं हाये." तेव्हा मला वाटलं, आपल्या मुलखाच्या मायेपोटी बोलले. वर्षभर त्यांनी तो विषय सोडला नाही.

कामठी, कन्हान, मनसर हा पट्टा चौपदरी महामार्गाचा. ट्रकच्या वाऱ्यात हँडल घट्ट धरून तो फक्त उरकायचा असतो. कन्हानच्या पुलावर धुकं होतं, पाणी दिसलंच नाही. पूल संपल्यावर एका टपरीवर तर्री-पोहे घेतले. पोह्यांवर चणे, वरून लाल तर्री, पहिल्या घासाला नाकातून पाणी. बोटांना ऊब आली ती तिथं.

मनसरला महामार्ग सोडला आणि आवाज थांबला. रामटेकच्या गडमंदिरावर जाणारा रस्ता लहान पण चांगला उभा आहे. भाचा वर पोचून फोटो काढत होता तेव्हा मी शेवटच्या वळणावर सर्वांत हलक्या गिअरमध्ये श्वास मोजत होते. काका मागून आले, न थांबता, न बोलता, एकाच चालीनं. वर आल्यावर त्यांनी आम्हाला कठड्यापाशी उभं केलं. खाली अंबाळा, पलीकडं खिंडसीचं मोठं पाणी, आणि पूर्वेकडं जिथवर नजर जाते तिथवर शेतांच्या मधे आरशाचे तुकडे.

"मोजा," काका म्हणाले. भाच्यानं अकरा मोजले. काका म्हणाले, "धुकं हाये म्हणून. उद्यापासून मोजायची गरजच नाही पडत."

सूर नदीला बांध घालून खिंडसी झाला. संध्याकाळी काठावर आम्ही जवळजवळ काहीच बोललो नाही.

दुसरा दिवस: रामटेक ते साकोली, ९१ किलोमीटर

अरोली, खात, भंडारा. या रस्त्यावर सपाट असं फारसं काही नाही आणि घाट म्हणावं असंही नाही. गाडीतून जाणाऱ्याला ही जमीन सपाटच वाटेल. सायकलवर मात्र दोन-तीन टक्क्यांचा चढही मांड्यांना लगेच कळतो. अर्धा किलोमीटर चढ, तेवढाच उतार, खाली एक नाला, पुन्हा चढ. तासाभरात अंगाला त्याची लय लागते. उतारावर मोठा गिअर टाकून वेग घ्यायचा, तो वेग पुढच्या चढाच्या निम्म्यावर संपतो, मग दोन गिअर उतरवून पाय गोल फिरवत राहायचे. भाचा दर चढावर जोर लावत होता, म्हणून दहा वाजेतोवर दमला.

काकांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. चढ संपला की वेग घेण्याआधी डावी-उजवीकडं पाहायचं. दोन उंचवट्यांमधली खोलगट जागा आली की तिच्या अरुंद तोंडाशी बांध असतोच. आधी दिसते ती मातीची पाळ, तिच्यावरची झाडं, मग पाणी. पाळीच्या वरच्या अंगाला तलाव, खालच्या अंगाला धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत. धान कापून झालेला होता. बांध्यांमधून पुंजणी रचलेली, आणि मोकळ्या ओलीत लाखोळीची कोवळी हिरवळ. लाखोळी धान उभा असतानाच त्याच्या ओलीवर फेकतात, ना नांगर ना पाणी.

गावातला लहान असेल तर बोडी, मोठा असेल तर तलाव. माजी मालगुजारी तलाव हे सरकारी नाव, लोकांनी आद्याक्षरं धरून त्याचं 'मामा तलाव' केलं. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली १९५० च्या कायद्यानं, तलाव सरकारकडं आले, पण गावातला माणूस अजून "मामा तलावावर जाऊन राहिलो" असंच म्हणतो. मला ते नाव फार आवडतं. पाणी आईच्या माहेरचं असल्यासारखं.

खातच्या पुढं एका पाळीवर आम्ही सायकली आडव्या टाकून बसलो. एक म्हातारे गृहस्थ बैल धुवून वर आले.

"कुठून येऊन राहिले?"

"नागपूरहून, बाबाजी."

"सायकलनं? काऊन, बस बंद हाये का?"

काकांनी त्यांना तलावाचं विचारलं आणि दोघं अर्धा तास बोलत बसले. तुडुम कुठं आहे, सलंग कोणत्या बाजूला, गाळ कधी काढला होता. तुडुम म्हणजे पाणी सोडायचं तोंड, सलंग म्हणजे भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून आपोआप निघून जातं ती जागा. सलंग दगडाचा असतो आणि पाळीच्या माथ्याहून खाली ठेवलेला असतो. तो बुजला की पहिल्या मोठ्या पावसात पाळ फुटते. बाबाजींनी हात करून दाखवलं, इथून निघालेलं पाणी त्या झाडांमागच्या बोडीत जातं, तिथून पुढच्या गावच्या तलावात. एकाचा सलंग म्हणजे दुसऱ्याची आवक. भाच्यानं खिशातून फोन काढला, उपग्रहाचं चित्र उघडलं, आणि खरंच, निळे ठिपके उतारावर एकाखाली एक ओवलेले.

भंडाऱ्याला दुपार झाली. पितळी भांड्यांचं गाव, पण आम्ही जेवून निघालो. कारध्याला वैनगंगा ओलांडली. लाखनी, साकोली हा पुन्हा महामार्ग. रस्त्याच्या कडेची पट्टी रुंद आहे, तिच्यावर काच फार आहे, यापलीकडं त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. सूर्य मागं होता आणि आमच्या सावल्या आमच्या पुढं पळत होत्या.

तिसरा दिवस: साकोली ते नवेगाव बांध, ३८ किलोमीटर

अंतर मुद्दाम कमी ठेवलं होतं. काकांचं म्हणणं, नवेगावला दुपारच्या आत पोचायचं आणि मग कुठंही जायचं नाही.

सौंदडवरून कोहमारा, तिथून दक्षिणेला वळलं की जंगल रस्त्याला येऊन भिडतं. येन, धावडा, मोह, तेंदू. नऊ वाजले तरी सावलीत हातमोजे काढवत नव्हते. चढ लांब आणि सौम्य, उतार वळणाचे, डांबर चांगलं. या अठरा-वीस किलोमीटरांत आम्ही एकदाही एकमेकांच्या मागं रांग धरली नाही, तिघं आपापल्या चालीनं सुटे चाललो. चेनचा आवाज, मधूनच रानकोंबडा, लांब कुठं गोंदियाच्या लाइनवरची गाडी. मी सायकलिंग का करते असं कोणी विचारलं तर उत्तर शब्दांत देता येत नाही, पण या रस्त्यावर आणून सोडता येईल.

मग शेवटचा उंचवटा, आणि झाडांमधून पाणी.

नवेगाव बांध हे गावाचंही नाव आणि तलावाचंही. पाण्याचा विस्तार सुमारे अकरा चौरस किलोमीटर. भोवती टेकड्या, त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला. बांधावर त्यांना देव करून बसवलं आहे, कोलासूर म्हणतात. शेंदूर, नारळाची करवंटी, दोन उदबत्त्या. तलाव बांधणाऱ्या माणसाला त्याच तलावाच्या पाळीवर देवपण मिळालेलं मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. आम्ही बूट काढून, गार दगडावर पायमोज्यांनी उभे राहिलो. काकांनी हेल्मेट काढून हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून ठेवले. पस्तीस वर्षं त्यांनी नहरा, म्हणजे कालवे, आणि दरवाजे सांभाळले आहेत. त्यांचा तो नमस्कार आपल्या धंद्यातल्या वडीलधाऱ्याला केलेला होता.

कोहळी लोक गोंड राजांच्या काळात इथं स्थिरावले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा राजाचा शब्द होता असं सांगतात. त्यांच्याकडं दुर्बीण नव्हती, कंटूरचे नकाशे नव्हते. पावसात उतारावरून चालायचं, पाणी कुठं रेंगाळतं आणि कुठं धाव घेतं ते पाहायचं, त्यावरून पाळ कुठं घालायची ते ठरवायचं. काका सांगत होते, "आम्ही कॉलेजात लेव्हल लावाले शिकलो. यायले पायानंच लेव्हल कळे."

हे ऐकलं आणि मला गेल्या दोन दिवसांचा अर्थ लागला. सायकलवरून मला जे जाणवत होतं, गाडीतून न दिसणारा तो दोन टक्क्यांचा उतार, तेच त्यांचं अवजार होतं. माझ्या मांड्यांनी शंभर-दीडशे किलोमीटर जे वाचलं ते त्यांनी तीनशे वर्षांपूर्वी वाचून, त्यावर माती टाकून, पाणी अडवून ठेवलं होतं. म्हणूनच दर उतारानंतर पाणी येत होतं. रस्ता सुंदर होता, पण तो नुसता योगायोगानं सुंदर नव्हता.

दुपारी भात, लाखोळीचं वरण आणि मरळीचा रस्सा. भात चिन्नोरचा, झाकण उघडलं की वास अंगणात. मासे धरणारे ढिवर. त्यांच्यातल्या एका दादांनी आम्हाला काठाकाठानं नेलं, कुठं कमळ आहे, कुठं खोल आहे, कोणत्या महिन्यात कोणता मासा पाळीशी येतो, सगळं न विचारता सांगत. ते म्हणाले, पाण्यात उगवणारं गवत वाचलं तर मासा वाचतो, आणि मासा वाचला तर पाखरं येतात. पाखरं आली होतीच. चक्रवाकाच्या दोन जोड्या, लालसरींचा मोठा थवा, आणि पलीकडं पट्टकादंब, हिमालय ओलांडून आलेले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच जंगलात राहिले, इथल्या ढिवरांकडून, गोंडांकडून पाखरांची आणि माशांची नावं गोळा करत हिंडले. ते २०२५ च्या जूनमध्ये गेले. दादा ज्या सहजपणे माशांची नावं घेत होते ते ऐकताना मला वाटलं, ही भाषा जपून ठेवायला चितमपल्लींना एक आयुष्य पुरलं नसेल.

या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. संध्याकाळनंतर सायकलवर रस्त्यानं जाऊ नका, अस्वल असतं, असं मुक्कामाच्या ठिकाणी दोनदा बजावलं. आम्ही बांधावरच बसून राहिलो. वारा पडला आणि पाणी टेकड्यांच्या रंगाचं झालं. भाचा म्हणाला, "मावशी, हरिहरेश्वरला पण असंच बसलो होतो." मी म्हटलं, "तिथं लाटेचा आवाज होता." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "इथं पाखरांचा आहे."

चौथा दिवस: नवेगाव बांध ते वडसा, इटियाडोहमार्गे, ७२ किलोमीटर

सकाळी अर्जुनी मोरगावपर्यंत थंडीतली छान राइड. तिथून गोठणगावच्या बाजूला वळलो, इटियाडोह पाहायला. गाढवी नदीवरचं हे धरण १९७० चं. काकांनी नोकरीतली पहिली काही वर्षं याच नहरांवर काढली. गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, १९७० च्या दशकात वसलेली. धानाच्या बांध्या, मोहाची झाडं आणि त्यांच्यावर फडकणाऱ्या प्रार्थनेच्या रंगीत पताका. एका आजींनी आम्हाला चहा दिला आणि आमच्याशी झाडीबोलीत, इकडच्या पूर्व विदर्भाच्या बोलीत, बोलल्या. माझ्यापेक्षा चांगल्या.

परतताना रस्त्याचं काम चाललेलं होतं. तीनेक किलोमीटर नुसती खडी पसरलेली, ना फलक ना वळण. माझे टायर ३२ मिलिमीटरचे, हवा सत्तर पीएसआयच्या खाली, मी कशीबशी निभावले. भाच्याचे २५ चे. टायरच्या बाजूलाच बोटाच्या पेराएवढी चीर पडली. नुसती ट्यूब बदलून भागत नव्हतं, कारण नवी ट्यूब त्या चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते. काकांच्या पिशवीत जुन्या टायरचा कापून ठेवलेला तुकडा निघाला. तो आतून चिरेवर बसवला, ट्यूब घातली, हवा नेहमीपेक्षा कमी भरली. लांब पल्ल्याला निघणाऱ्यानं असा एक तुकडा जवळ ठेवावाच, वजन काहीच नाही. अर्जुनीला दुकानात तो टायर मिळणार नव्हताच, पण तिथल्या मिस्त्रींनी वाकलेला स्पोक सरळ केला, चाक फिरवून, कान लावून डूल काढला. पैसे घेताना म्हणाले, "नागपूरले पोचल्यावर फोन करजा. नाई त जीव लागून राहते."

त्या खडीवर माझा संताप झाला होता. दुचाकीवर लहान मुलं घेऊन जाणाऱ्या बायका त्यातून घसरत चालल्या होत्या. काम काढणाऱ्यानं एक फलक लावायला काय लागतं?

अर्जुनी ते वडसा भाचा अगदी जपून चालवत होता. त्यामुळं त्याचं लक्ष आजूबाजूला गेलं. प्रत्येक गावाच्या वेशीवर झाडीपट्टी नाटकांचे रंगीत बोर्ड. दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंत हा हंगाम चालतो, आणि वडसा हे त्याचं ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं ओळीनं आहेत. रात्री जवळच्या गावात एक प्रयोग होता. आम्ही साडेदहाला गेलो, शेकडो माणसं कांबळी पांघरून तणसावर बसली होती, तिकीट काढून. पहाटेपर्यंत चालणार होतं. दुसऱ्या दिवशीचे एकशे चाळीस किलोमीटर डोळ्यांपुढं होते, म्हणून एका अंकानंतर उठलो. उठताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "एवढ्यात काऊन चालले? आता त रंगात येते." त्यांना काय सांगणार! मला अजून ते नाटक पुढं काय झालं याची हुरहूर आहे.

पाचवा दिवस: वडसा ते नागपूर, १४३ किलोमीटर

पाचला निघालो. वैनगंगेच्या पुलावर पोचलो तेव्हा पूर्वेला जेमतेम तांबडं. पाण्यावरून वाफ उठत होती. काकांनी सायकल कठड्याला टेकवली.

"हे पाणी कुठलं कुठलं हाये माहीत हाये का? खिंडसीची सूर यात हाये. कन्हान यात हाये. अन् कन्हानमंधी आपली नाग नदी." पुढं ही वैनगंगा वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. चार दिवस आम्ही ज्या ज्या पाण्याच्या काठानं आलो होतो ते बहुतेक सगळं कधी ना कधी याच पात्रात येणार होतं.

ब्रह्मपुरी, नागभीड. नागभीडला चहा. इथून नागपूरपर्यंत रस्त्याच्या सोबतीनं नॅरोगेजची लाइन जायची. २०१९ मध्ये ती गाडी थांबली, रुंदीकरणासाठी. लहानपणी मी त्या गाडीनं मामाकडं भिवापूरला गेले आहे. ती इतकी हळू चाले की खिडकीतून बोरं तोडता येत.

भिवापूरच्या आसपास माती बदलते, आणि सायकलवर हा बदल डोळ्यांआधी चाकांना कळतो. रस्त्याच्या कडेची धूळ काळी होते, चढ-उतार लांबतात. धानाच्या बांध्या मागं पडतात, कापूस आणि तूर सुरू होते. तलावही विरळ होतात. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. अंगणांत, छपरांवर, खळ्यांवर लाल गालिचे वाळत पडलेले होते, आणि उतारावरून वेगात जाताना तो वास घशात बसला. तिघंही खोकत खोकत गाव ओलांडलं.

उमरेडनंतर कोळशाचे ट्रक आणि समोरचा वारा. आता रांग धरली. पाच-पाच मिनिटं पुढं राहायचं, मग मागं जायचं. भाच्यानं आपली पाळी दोनदा लांबवली, काकांना वारा लागू नये म्हणून. काकांच्या ते लक्षात आलं होतं, पण ते काही बोलले नाहीत.

दिघोरीला दिवे लागले होते. सक्करदरा सोडून महालाच्या बाजूला वळलो आणि नाग नदीचा पूल आला. काळं, फेसाळ पाणी, नाकाला रुमाल. रोज ओलांडते तो पूल, पण त्या संध्याकाळी तिघंही न ठरवता थांबलो.

भाच्यानं खाली वाकून पाहिलं. "काका, हे पाणी वडशाच्या पुलाखाली किती दिवसांत पोचेल?"

"मधी गोसीखुर्दचं धरण हाये ना बाबू," काका म्हणाले. "तिथं जमा होऊन राहते हे सगळं. तिथले लोक तेच पाणी पेतात."

भाचा काही बोलला नाही. त्यानं टायर चाचपून पाहिला, हवा अजून होती. मग अर्जुनीच्या मिस्त्रींना फोन लावला.